शिष्यवृत्तीच्या अटी आणि उज्जैनचा विद्यार्थी

परदेशी शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती ही देणगी असते, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी व्यवहारात तो एक करार असतो. देणाऱ्याचा काही हेतू असतो, त्या हेतूला धरून त्याने अटी घातलेल्या असतात, आणि घेणाऱ्याने एकदा सही केली की त्या अटी त्याच्या पुढच्या कित्येक वर्षांना लागू होतात. उज्जैनसारख्या शहरातून जे मराठी भाषक विद्यार्थी अशा शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करतात, त्यांच्यापैकी पुष्कळांचे अर्ज गुणवत्तेच्या कसोटीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते त्याआधीच एखाद्या दाखल्यावर, एखाद्या तारखेवर किंवा न वाचलेल्या एखाद्या कलमावर अडतात. हुशार मुलामुलींचे असे अडकणे ही खेदाची गोष्ट आहे, कारण ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

अटींचे वजन किती असते हे समजून घ्यायचे असेल, तर डॉ. भीमराव आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाचा इतिहास तपशिलाने पाहावा लागतो. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या महूच्या लष्करी छावणीत १८९१ साली जन्मलेल्या आंबेडकरांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि नेमलेल्या विषयांचा अभ्यास करून परतल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा त्यांच्याकडून लिहून घेतला. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पूर्ण केले, १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत फक्त एका वर्षाने वाढली, त्यापुढे वाढवून मिळाली नाही, आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना मायदेशी परतावे लागले. परतताना त्यांचे सामान ज्या जहाजाने पाठवले होते ते जर्मन पाणबुडीने बुडवले. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना आणि कचेरीत अपमान सोसावा लागला, तेव्हा ती नोकरी टिकणे अशक्य झाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली.

चरित्रांत हा भाग अभिमानाने वाचला जातो आणि तसा तो वाचला जावाही. पण अर्जदाराने तो हिशेबाची वही वाचावी तसाही वाचून पाहावा. शिष्यवृत्तीची मुदत आणि पदवीला प्रत्यक्ष लागणारा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुदतवाढ हा हक्क नसून देणाऱ्याची मर्जी असते, हे त्यातून दिसते. परत येऊन ठरावीक काळ नोकरी करण्याचे जे बंधन असते, ज्याला आज सर्रास बाँड म्हटले जाते, त्याचा जाच एकतर्फी विद्यार्थ्यालाच होतो, कारण तिथे काम करण्याजोगी परिस्थिती देण्याची जबाबदारी देणाऱ्याने क्वचितच लिहून दिलेली असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लंडन सोडण्यापूर्वी आंबेडकरांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. ती नसती, तर १९२० साली पैसे जमूनही पुढचा मार्ग मोकळा झाला नसता. आजच्या विद्यार्थ्यानेही प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची, म्हणजे विद्यापीठाच्या भाषेत डेफर करण्याची, मुभा आहे की नाही आणि किती काळासाठी आहे, हे अर्जाच्या वेळीच विचारून उत्तर लेखी घ्यावे.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे, खुद्द उज्जैनचे आहे. भीमबेटकाची चित्रित शैलाश्रये १९५७ साली प्रकाशात आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी उज्जैन हीच आपली कर्मभूमी मानली होती. १९६१ ते १९६३ या काळात त्यांना दोराबजी टाटा ट्रस्टचे युरोप-प्रवासाचे अनुदान आणि फ्रान्समधील उत्खननासाठी फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे: आधी काम उभे राहिले, शैलाश्रयांची रेखाटने झाली, विषय हाताशी आला, आणि मग त्या विषयात ज्यांना रस होता अशा लोकांनी पैसा दिला. प्रागैतिहासिक चित्रकलेच्या अभ्यासाची मोठी परंपरा फ्रान्समध्ये होती, त्यामुळे मालव्यातल्या संशोधकाला तिथे बोलावण्यात देणाऱ्याचाही हेतू साधत होता. शिष्यवृत्ती शोधणे म्हणजे पोर्टलांची यादी जमवणे नव्हे, तर आपण जे करत आहोत त्याचे मोल कोणाला आहे याचा शोध घेणे आहे, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

आज वाकणकरांच्याच वाटेने जाऊ पाहणारी उज्जैनची एखादी विद्यार्थिनी अनुसूचित जातीची असेल, तर तिच्यापुढे एक वेगळाच अडसर उभा राहतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, जिला नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप किंवा नुसते एनओएस म्हणतात, ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे; वर्षाला १२५ जागा, वय ३५ च्या आत, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. परंतु २०२२ साली जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. ज्या समाजांचा इतिहास दीर्घकाळ इतरांनी लिहिला, त्यांच्याच मुलांना त्या इतिहासाच्या अभ्यासासाठी बाहेर जायला सरकारी साहाय्य नाकारणे अन्यायाचे आहे, आणि या निर्णयाचा फेरविचार व्हायला हवा. तो होईपर्यंत इतिहास किंवा पुरातत्त्व घेणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ या एका योजनेवर भिस्त ठेवू नये आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या, तसेच युरोपीय संघाची इरॅस्मुस मुंडुस ही एकाहून अधिक देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची योजना यांकडे वळावे. तिच्यात दरमहा १,४०० युरो मिळतात.

यानंतरचा प्रश्न अधिवासाचा, आणि उज्जैनच्या मराठी घरांच्या दृष्टीने तो सर्वांत नाजूक आहे. राणोजी शिंद्यांच्या काळात, अठराव्या शतकात, मालव्यात स्थिरावलेल्या कुटुंबांपासून अगदी अलीकडे नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांपर्यंत सगळ्यांची घरची भाषा मराठी असते, नातेवाईक पुण्या-नागपूरला असतात, आणि त्या नातेवाइकांकडूनच महाराष्ट्र शासनाच्या योजनांची माहिती प्रथम कानावर येते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा सारथी संस्थेमार्फत दिली जाणारी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती यांची जाहिरात वाचून उज्जैनचा मुलगा तयारीला लागतो, आणि आठवडे खर्ची पडल्यावर त्याला कळते की या योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. भाषा मराठी असल्याने अधिवास मिळत नाही. त्याच्यासाठी दार मध्य प्रदेश शासनाचे आहे: तिथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मागासवर्ग यांच्यासाठी विदेश अध्ययन शिष्यवृत्तीच्या योजना वेगवेगळी खाती चालवतात, आणि खुल्या प्रवर्गातील गरीब विद्यार्थ्यांसाठीची योजना उच्च शिक्षण विभागाकडे असते. एका खात्यात नकार मिळाला म्हणून राज्यात दुसरे काही नाही असे समजू नये. बाबूच्या टेबलावर आपल्याच खात्याची माहिती असते, शेजारच्या खात्याची नसते.

जातीच्या दाखल्याबाबत याहून अधिक सावध राहावे लागते. जातींची यादी राज्यवार ठरलेली असल्यामुळे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या कुटुंबाला आरक्षणाचे लाभ सामान्यतः मूळ राज्याच्या संदर्भातच मिळतात. वडील महाराष्ट्रातून आलेले, मुलीचा जन्म आणि शिक्षण उज्जैनला झालेले, दाखला आजोबांच्या गावच्या तहसीलदाराचा, अशी स्थिती असेल तर मध्य प्रदेशच्या योजनेत तो दाखला चालेल असे गृहीत धरता येत नाही, तर दुसरीकडे महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास आडवा येतो. अशी मुलगी दोन्ही राज्यांच्या मधल्या फटीत सापडते. तिच्यासाठी केंद्राची योजना हाच बहुधा सरळ मार्ग ठरतो, पण तिथेही दाखला कोणत्या राज्याचा आणि कोणत्या नमुन्यातला हवा याची चौकशी अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर किमान वर्षभर आधी व्हायला हवी.

कागदपत्रांतली नावांची विसंगती हा असाच एक दुर्लक्षित विषय आहे. मराठी घरांत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहिण्याची रीत आहे, तर मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीच्या मार्कशीटवर बहुधा नाव आणि आडनाव एवढेच असते व वडिलांचे नाव खाली वेगळ्या ओळीत छापलेले असते. परिणामी आधार कार्डावर तीन शब्दांचे नाव, मार्कशीटवर दोन शब्दांचे, समग्र आयडीत, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणीत, हिंदी वळणाने बदललेले आडनाव, आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव आपल्याच नावाला जोडून एकत्र छापलेले, असे चार कागद चार नावांचे होतात. परदेशी विद्यापीठ पासपोर्ट प्रमाण मानते, शिष्यवृत्तीचे खाते जातीचा दाखला आणि मार्कशीट ताडून पाहते, आणि दोघांनाही एकच व्यक्ती दिसली पाहिजे. म्हणून दहावीची मार्कशीट हा पाया धरून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, आणि पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच हे उरकावे.

यात उज्जैनपुरती आणखी एक भर पडली आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठाचे २०२५ मध्ये सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे नामांतर झाले, त्यामुळे पहिल्या वर्षांच्या गुणपत्रिकांवर एक नाव आणि पदवीवर दुसरे, अशी स्थिती संक्रमणकाळातल्या विद्यार्थ्यांची होणार आहे. परदेशी पोर्टलवर विद्यापीठ यादीतून निवडावे लागते आणि त्या यादीत जुनेच नाव असण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी नामांतराचा अधिकृत आदेश व कुलसचिवांच्या सहीचे एक पत्र ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या एकत्रित अधिकृत प्रतीला, जोडलेले असावे. जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्याला तर १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली पदवी व गुणपत्रिका खऱ्या असल्याची जर्मन दूतावासाशी संलग्न विभागाची साक्ष, व्हिसासाठी आवश्यक झाले आहे, आणि त्याला वेळ लागतो.

पदवीच्या वर्षांचा विचार आता अधिक काळजीने करावा लागेल. राष्ट्रीय शिक्षण धोरण मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून महाविद्यालयांत लागू केले, आणि तीन वर्षांनंतर बाहेर पडायचे की चौथे वर्ष पूर्ण करायचे हा पर्याय विद्यार्थ्याच्या हाती आला. घरखर्चाच्या ओढीने पुष्कळजण तिसऱ्या वर्षी थांबतात. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीसाठी मात्र चार वर्षांची पदवी, अथवा तीन वर्षांच्या पदवीवर पदव्युत्तर पदवी किंवा पूर्णवेळ पदविका लागते, आणि शिवाय किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा असतो. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे बंधन असते. जर्मनीच्या डाड या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. पदवीच्या शेवटच्या परीक्षेनंतर लगेच या योजनांना अर्ज करणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. याउलट, उज्जैन-देवास भागात दोन-तीन वर्षे एखाद्या संस्थेत, शाळेत, प्रयोगशाळेत नेटाने काम केलेला तरुण, आपण आता मागे पडलो असे समजून निराश होतो, तेव्हा तो खरे म्हणजे नुकताच पात्र झालेला असतो.

हेतुपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, त्यात आपण काय शिकू इच्छितो, का, आणि शिकून काय करू हे सांगायचे असते. उज्जैनच्या अर्जांत ते बहुधा हिंदीतून इंग्रजीत उतरवलेल्या गोड वाक्यांनी भरलेले आढळते: लहानपणापासूनची आवड, आई-वडिलांचे स्वप्न, देशसेवेची तळमळ. ही भावना खरी असते, पण निवड करणाऱ्याला तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी जर असे लिहील की, इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, त्या संगमाच्या वर आणि खाली तिने पाण्याचे नमुने घेतले, विरघळलेला प्राणवायू मोजला, पण जड धातूंची तपासणी करण्याची सोय तिच्या प्रयोगशाळेत नव्हती, आणि २०२८ च्या सिंहस्थात लाखो लोक याच पाण्यात उतरणार आहेत, तर तिला परदेशी का जायचे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. विकासविषयक शिष्यवृत्त्यांना नेमका असाच अर्जदार हवा असतो, ज्याच्यापाशी जागेचा प्रश्न आहे आणि जो परत येऊन त्या जागेवर उभा राहील.

शिफारसपत्रे मिळवताना मोठ्या पदाकडे धावण्याची सवय सोडायला हवी. विभागप्रमुखांनी विद्यार्थ्याला एकदाही शिकवलेले नसते, त्यामुळे त्यांचे पत्र चार ओळींचे आणि कोणालाही लागू पडणारे होते. ज्या सरांनी किंवा मॅडमनी प्रकल्पाचे काम करून घेतले, रागावून पुन्हा लिहायला लावले, त्यांच्या पत्रात नेमके प्रसंग येतात. बहुतेक पोर्टले शिफारस करणाऱ्याला थेट ईमेल पाठवतात आणि काही ठिकाणी संस्थेचाच ईमेल पत्ता मागतात. आपल्याकडचे अनेक प्राध्यापक खासगी पत्ताच वापरतात, तेव्हा संस्थेचा पत्ता सुरू आहे का, तो उघडला जातो का, हे शिष्याने नम्रपणे पण वेळेत विचारून घ्यावे आणि मुदतीच्या १५ दिवस आधी आठवण करावी. इंग्रजीच्या परीक्षांबद्दल एवढेच पुरे की आयेल्ट्सचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात, आणि ज्याचे पदवीचे माध्यम हिंदी होते त्याला त्यातून सूट मिळण्याची आशा धरता येत नाही.

पैशाच्या बाजूला शब्दांनी फसू नये. जे.एन. टाटा एन्डाउमेंट ही १८९२ पासूनची जुनी आणि विश्वासार्ह संस्था जे देते ती कर्ज-शिष्यवृत्ती असते, म्हणजे ती परत फेडायची असते; के.सी. महिंद्रा ट्रस्टचे साहाय्यही बिनव्याजी कर्जाच्या रूपात असते. दोन्ही उपयुक्त आहेत, फक्त घरी सांगताना ते कर्ज आहे असे सांगावे. दुसरीकडे, २२,००० पौंड शुल्क आणि त्यावर ४,००० पौंडांची गुणवत्ता शिष्यवृत्ती असे पत्र आले, तर ती १८,००० पौंडांची मागणी असते. असे पत्र मिळवून देणाऱ्या सल्लागाराला अनेकदा त्या विद्यापीठाकडूनच दलाली मिळते, त्यामुळे त्याच्या उत्साहाचा अर्थ लावताना विद्यार्थ्याने सावध असावे. एनओएस, फुलब्राइट, चीव्हनिंग यांच्या अर्जाला शुल्क नाही. 'शिष्यवृत्ती नक्की' म्हणून जो आगाऊ पैसे मागतो त्याच्या दारातून परत फिरावे. जर्मनीत बहुतांश सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसले, तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षभराचा निर्वाहखर्च अडकवून ठेवलेले आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारे खाते, लागते, आणि २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात. बिनशुल्क शिक्षणाचा हा भाग पालकांना बहुधा शेवटी कळतो.

निवड झाली म्हणजे पैसे हाती आले असेही नव्हे. २०२५ साली एनओएसमध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना हंगामी मंजुरीपत्रे मिळाली आणि उरलेल्यांना निधीच्या उपलब्धतेवर ती दिली जातील असे सांगण्यात आले. विद्यापीठांचे प्रवेश मात्र निधीची वाट पाहत नाहीत. अशा प्रसंगी प्रवेश पुढे ढकलण्याची लेखी मुभा, आणि बँकेकडून आधीच घेतलेले शैक्षणिक कर्जाचे तत्त्वतः मंजुरीपत्र, या दोन गोष्टी हाताशी असलेला विद्यार्थी तगतो. शिष्यवृत्ती नियमित असली, तरी निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता पोहोचल्यावर बँक खाते उघडून, हजर झाल्याचे पत्र पाठवून मग येतो, आणि तोवरचे भाडे, अनामत आणि थंडीचे कपडे यांसाठी निदान दोन महिन्यांचे पैसे स्वतःचे असावे लागतात. सही करण्यापूर्वी बाँडमध्ये जामीनदार कोण, किती रकमेचा, आजारपणामुळे किंवा मार्गदर्शक बदलल्यामुळे अभ्यास लांबला तर काय, आणि परतीच्या अटीचा कालावधी कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे चार प्रश्न कचेरीला लेखी विचारावेत व उत्तराची प्रत घरी आणि ईमेलवर, अशी दोन ठिकाणी ठेवावी. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या काकांना किंवा मामांनाही तो कागद मराठीत वाचून दाखवावा.